मगरीच्या पोटातली बी.कॉम.

इंदूरमध्ये मगर नाही. खान नदी आहे, पण तिच्यात उतरायचं म्हटलं तर मगरीनेसुद्धा आधी टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं. तरी आमच्या परदेशीपुऱ्यात एक मगर आहे, चांगली ट्रकएवढी लांब, आणि रविवारी सकाळी पोहे-जलेबी आटोपून लोक गाड्या काढून तिला बघायला येतात. ती माझ्या वडिलांनी केली. तिच्या पोटात मी आहे. हे कसं झालं ते सांगते.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की सांगितलं नाही. मी बी.कॉम. आहे. आमच्या खानदानात कॉलेजचं गेट आतल्या बाजूने बघितलेली मी पहिली. आजोबा कापड मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, अप्पा त्याच मिलमध्ये फिटर, आणि मिलला कुलूप लागल्यावर पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपात फिटर. मीही पोलोग्राउंडलाच जाते, पण एका कारखान्याच्या ऑफिसात, अकाउंट्स बघायला, एसीत बसून. एसी बहुतेक बंद असतो, पण आहे.

मी पास झाले तेव्हा अप्पांनी पेढे वाटले नाहीत. पेढा खाल्ला की संपला, लोक हात पुसून विसरले, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी सगळ्या गल्लीत स्टीलच्या ताटल्या वाटल्या. बारशाला, लग्नाला, कोणी गेलं तर वर्षश्राद्धाला भांडी वाटायची आणि त्यांच्यावर नाव घालून द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पण परीक्षा पास झाल्याची भांडी आमच्या गल्लीत पहिल्यांदाच निघाली. प्रत्येक ताटलीच्या पाठीवर मशीनने कोरून घेतलं होतं. वर अप्पांचं संपूर्ण नाव, आणि खाली ‘यांची कन्या बी.कॉम. उत्तीर्ण झाल्याप्रीत्यर्थ सप्रेम भेट’. माझं नाव कुठेच नाही. पास मी झाले, भांड्यावर ते.

मी विचारलं तर म्हणाले, “जागा नव्हती गं.”

‘झाल्याप्रीत्यर्थ’ एवढं लांबलचक बसलं, पण माझं नाव बसेना. असो. ताटल्या वाटल्या गेल्या, आणि मी काही वर्षं गल्लीतून मान खाली घालून जात राहिले, कारण कुणाच्याही घरी चहाबरोबर शेव आली की ती माझ्या बी.कॉम.वर यायची.

आता बगीचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोकळी जागा होती. तिथे लोक मोडके कूलर, फुटकी संडासाची भांडी आणि राजकारणाच्या गप्पा आणून टाकत. मग शहराला स्वच्छतेचा ताप चढला, तो अजून उतरलेला नाही, आणि त्या तापात आमच्या जागेचा बगीचा झाला. कुंपण, झोपाळे, चालायला फरशीची वाट, आणि व्यायामाची यंत्रं, ज्यांच्यावर समोरच्या काकू गोधड्या वाळत घालतात. मधोमध सिमेंटचा एक मोठा चबुतरा बांधला आणि तो रिकामाच ठेवला.

त्या रिकाम्या चबुतऱ्यासाठी महापालिकेच्या झोन ऑफिसचा इंजिनियर आला. तरुण पोरगा, गॉगल शर्टाच्या बटणात अडकवलेला. म्हणाला, आता प्रत्येक बगीच्यात असं काहीतरी पाहिजे की बाहेरचे लोक मुद्दाम बघायला येतील, फोटो काढतील, मोहल्ल्याची ओळख होईल. आमच्यासाठी मंजूर झालं होतं ते म्हणजे माणसाच्या उंचीची लाल अक्षरं. ‘आय लव्ह’, मग बदामाचा आकार, मग आमच्या भागाचं नाव. शहरात अशी अक्षरं बऱ्याच ठिकाणी उभी आहेत. नाव तेवढं बदलतं, प्रेम तेच.

अप्पा बाकावर बसले होते. म्हणाले, “प्रेम आहे हे लिहून कशाला सांगायचं? मी हिला कधी सांगितलं नाही.”

“तेच तर म्हणते मी,” आई शेजारून म्हणाली.

इंजिनियर हसला. “तो आप ही लोग कुछ बना लो, अप्पाजी. कबाड़ से बनाओ तो अच्छा, आजकल वही चल रहा है. लेकिन इन्स्पेक्शन से पहले. हमारी बड़ी अफसर मॅडम को नहीं जमा, तो फिर अक्षर लगेंगे.”

दुसऱ्या दिवशी गल्लीची बैठक बसली. मला सेक्रेटरी केलं, कारण शिकलेली. सेक्रेटरीचं काम म्हणजे सगळ्यांचं ऐकायचं आणि कोणाला उठून जाऊ द्यायचं नाही. एक जण म्हणाला, पोह्यांची मोठी प्लेट करू. दुसरा म्हणाला, त्यावर शेव कोण टाकणार रोज. तिसऱ्याला मिलची चिमणी पाहिजे होती. समोरच्या काकू म्हणाल्या, काही करा, पण पुतळा नको, पुतळ्याला हार घालावे लागतात आणि हार घालायला पुढारी येतात.

आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचे एक सर भाड्याने राहतात, आयटीत आहेत, इंदुरात नवीन. ते म्हणाले, “काहीतरी अमूर्त करावं. म्हणजे, ज्याचा ज्याला अर्थ लागेल असं.”

“इथे बिजलीच्या बिलाचा अर्थ लागत नाही सर,” काकू म्हणाल्या.

तेवढ्यात अप्पा म्हणाले, “मगर करू.”

जुनी माणसं एकदम बोलायला लागली. कारण मगर आमची होती. इंदुरात अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या निघतात, म्हणजे ट्रॉल्यांवर दिव्यांचे हलते देखावे, आणि ते मिलमधले कामगारच करत आले आहेत. मिल बंद पडल्या तरी झाँक्या निघतात, हे एक इंदूरच करू जाणे. आमच्या मिलने एका वर्षी गजेंद्रमोक्ष केला होता. हत्तीचा पाय मगरीने धरलेला. हत्ती दुसऱ्या कोणीतरी केला, तो सोंड हलवायला विसरायचा. मगर अप्पांची. तिचा जबडा असा उघडायचा-मिटायचा की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात शिरत. त्यानंतर सगळ्या शहरात आम्ही ‘मगरवाले’ झालो. पुढे मिलला कुलूप लागलं आणि मगर आतल्या आत गंजून गेली.

सरांनी विचारलं, “पण इथल्या परंपरेशी मगरीचा संबंध काय?”

अप्पा म्हणाले, “आहे ना. ती आम्ही केली होती.”

मला तेव्हाच कळलं की हा नुसता हट्ट नाही. अप्पांनी जन्मभर दुसऱ्यांची यंत्रं चालू करून दिली. स्वतःची म्हणावी अशी ही एकच, आणि तीही कुलपाआड सडली. आता ती उभी राहिली नाही, तर त्या चबुतऱ्यावर लाल अक्षरं बसणार, आणि हा माणूस उरलेल्या सकाळी त्या अक्षरांसमोर बाकावर बसून काढणार. जगाच्या हिशोबात एवढीशी गोष्ट. आमच्या घरात तेवढीच गोष्ट होती.

काम सुरू झालं. अप्पा आणि त्यांचे मिलमधले दोन सोबती. सांगाडा जुन्या पलंगांच्या पाइपांचा, पाय मोटरसायकलच्या मडगार्डचे, डोळे स्कूटरचे हेडलाइट, आणि जबडा हलवायला ट्रकच्या वायपरची मोटर. दातांसाठी एका कुल्फीवाल्याने त्याचे पत्र्याचे जुने साचे दिले. राहिले अंगावरचे खवले. अप्पा म्हणाले, खवल्याला चमक पाहिजे. घराघरातून एकेक स्टीलची ताटली द्या.

बायकांनी ताटल्या दिल्या. कधी नव्हे ते आमच्या गल्लीने एखादी गोष्ट पहिल्या हाकेला दिली. अप्पा जबड्यात गुंतलेले होते, म्हणून ताटल्या ठोकायचं काम सोबत्यांनी केलं. चकचकीत तोंड बाहेर, पाठ आत. ऊन पडलं की मगर अशी लखलखायची की रस्त्यावरचे रिक्षावाले हाताने डोळे झाकत. अजून पूर्ण झाली नव्हती तरी लोक थांबून फोटो काढायला लागले. पोलोग्राउंडला माझ्या ऑफिसात, जिथे मी परदेशीपुऱ्याची म्हटल्यावर कोणी पुढचं विचारत नसे, तिथे आमचा कॅशियर म्हणाला, “मगरवाला परदेशीपुरा? मॅडम, संडे को बच्चों को लाऊँ क्या?” मी म्हटलं, आणा. जणू मी तिकीट फाडते.

छत्रीबागेत माझी एक मैत्रीण राहते, जुन्या दरबारी घराण्यातली. तिच्या सासूबाई माझ्याशी बोलताना माझं मराठी दुरुस्त करतात. त्यांच्या बाजूला राजघराण्याच्या दगडी छत्र्या, म्हणजे समाध्या आहेत, नक्षीच्या. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, “मगर? बाई गं. स्मारक कशाचं आहे ते?” मी म्हटलं, “तुमच्याकडे गेलेल्यांचं आहे. आमच्याकडे कोणी जायला तयार नाही.”

पण एक घोळ झाला होता. तो फक्त झाँकीवालेच करू शकतात. आमच्या मिलच्या झाँकीत देखाव्याच्या मागे नेहमी रंगवलेला पडदा असायचा. त्यामुळे हत्ती असो, मगर असो, देव असो, त्यांना पाठीमागची बाजू करायची पद्धतच नव्हती. पुढून राजा, मागून वासे. अप्पांनी जन्मभर तशाच आकृत्या केल्या, आणि ही मगरही तशीच केली. रस्त्याकडून बघाल तर डोळे दिपतील, आणि गल्लीकडून बघाल तर अर्धी कापलेली पपई. आत पाइप, वायरी आणि ओळीने ताटल्यांच्या पाठी. बगीच्यात माणसं गोल फिरतात, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी सेक्रेटरी.

इंजिनियरने बघितलं आणि डोकं खाजवलं. “अप्पाजी, पीछे से तो नंगी है.”

“मागून कोण बघतं, भिया?”

“गार्डन में सब पीछे से भी देखते हैं. टीन की चादर मारो पीछे, नहीं तो मॅडम पास नहीं करेंगी.”

पत्रा आणून मागे टेकवून ठेवला, पण अप्पा तो ठोकायला तयार होईनात. वजन वाढेल, मोटर तापेल, वायर कुठून दुरुस्त करणार. कारणं सगळी फिटरची होती आणि सगळी खरी होती. तोवर गल्लीने ती उघडी बाजू वापरायलाही काढली होती. दुपारी रस्त्याकडे ऊन, आणि पोटात सावली. काकू आत बसून लसूण सोलायच्या.

मग रविवार आला. पुण्याचे सर पोह्यांची प्लेट घेऊन बगीच्यात आले, पाहुण्यांसारखे पुढून फिरले, आणि मग वाकून पोटात शिरले. आतून त्यांचा तो स्वच्छ, प्रमाण आवाज आला.

“अहो, ही बी.कॉम. झालेली मुलगी कोण? फार ठिकाणी झालेली दिसते.”

बाकावरचे अप्पा उठले. चष्मा लावला आणि आत गेले. मीही मागून गेले. ओळीने, वरपासून खालपर्यंत, मानेपासून शेपटीपर्यंत, बहुतेक सगळ्या ताटल्यांवर एकच मजकूर. अप्पांचं नाव, यांची कन्या, उत्तीर्ण झाल्याप्रीत्यर्थ. मगर आतून गुणपत्रिकेसारखी दिसत होती. जवळजवळ प्रत्येक घराने नेमकी तीच ताटली दिली होती. दोन्ही सोबत्यांनी ठोकताना वाचलं होतं आणि गप्प बसले होते, कारण त्यांच्याही घरून तीच आली होती.

अप्पा एकेक ताटली वाचत शेपटीपर्यंत गेले. बाहेर आले. चष्मा खिशात ठेवला.

“पत्रा मारा,” ते सोबत्यांना म्हणाले. “आजच्या आज. पूर्ण बंद करा.”

सरांनी प्लेट हातात धरून विचारलं, “माझं काही चुकलं का?”

“नाही सर,” मी म्हटलं. “तुम्ही वाचलंत फक्त.”

घरी अप्पा जेवले नाहीत. आईने ताट वाढलं तर म्हणाले, “आपल्या घरची दिलीस ती कोणती होती?”

आई म्हणाली, “तीच. चार उरल्या होत्या.”

“तूसुद्धा.”

“मग काय, सासूबाईंच्या नावाचं ताट देऊ? उन्हापावसात टांगायला?”

मला त्यांचं दुखणं समजत होतं. पेढा विसरला जातो म्हणून ताटली दिली, आणि ताटली लोकांनी पहिल्या संधीला भंगारात काढली, असं ते मोजत होते. खरं सांगायचं तर मलाही थोडं लागलं. मी त्या ताटल्यांपासून इतकी वर्षं लपले, पण कोणी त्या टाकून द्याव्यात असं काही मी म्हटलं नव्हतं.

म्हणून मी सरळ समोर गेले. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

“काकू, आमचीच ताटली का दिलीत?”

काकूंनी वर बघितलं. “तू रागावलीस?”

“अप्पा रागावलेत.”

“अगं, घरात नाव घातलेली ताटं कोणाची असतात? ह्यांच्या आईचं एक. माझ्या वडिलांचं एक. दीर गेले त्यांचं. सगळी गेलेली माणसं. त्यांना घराबाहेर कसं काढायचं? त्यांच्यात जिवंत माणसाची एकच होती, ती तुझी.” मग सुपातला खडा काढून फेकला. “आणि पातळ होती हो. खोटं कशाला बोलू. आमटी वाढली की वाकायची.”

“हे अप्पांना सांगता का?”

“आमटीचं नको सांगायला.”

पण त्या गेल्या, आणि आमटीचंही सांगितलं. काकूंच्या पोटात काही राहत नाही. अप्पा ऐकत बसले. शेवटी एवढंच म्हणाले, “बावीस गेजची होती. पातळ कशी?” आणि आईला म्हणाले, वाढ.

पत्रा मात्र सोबत्यांनी त्या दिवशी ठोकला नव्हता, आणि आता अप्पांनी ना हो म्हटलं ना नको. सोबत्यांनी विचारलं की म्हणायचे, बघू. तसाच तो मगरीच्या मागे टेकलेला राहिला, आणि तसंच इन्स्पेक्शन उजाडलं.

मॅडम आल्या, बरोबर चार-पाच माणसं आणि आमचा इंजिनियर, आज गॉगलशिवाय. गल्ली नटून उभी होती. काकूंनी गोधड्यासुद्धा काढल्या होत्या. अप्पांनी बटण दाबलं. मगरीने जबडा उघडला, कुल्फीचे दात चमकले, सगळ्यांनी फोटो काढले, आणि जबडा तसाच उघडा राहिला. अप्पांनी पुन्हा बटण दाबलं. मगर जांभई देत राहिली.

“वायर सुटली,” अप्पा म्हणाले आणि मागे पळाले. इंजिनियर त्यांच्या मागे, बहुधा मॅडमना मागची बाजू दिसू नये म्हणून आडवा उभा राहायला. पण मॅडमही मागे गेल्या. मोठ्या लोकांना जिथे जाऊ नका म्हणाल तिथेच जायचं असतं.

आत अप्पा गुडघ्यावर बसून वायर बघत होते. मॅडम वाकून आत आल्या आणि उभ्या राहिल्या. ताटल्यांच्या फटींतून उन्हाचे ठिपके त्यांच्या साडीवर पडले होते. त्यांनी एक ताटली वाचली. मग दुसरी. मराठी वाचता येत होतं, हे आमचं नशीब की दुर्दैव ते कळायचं होतं.

“ही मुलगी कोण?”

“मी,” मी बाहेरून म्हटलं.

“इतक्या वेळा पास झालात?”

“एकदाच, मॅडम. पहिल्या प्रयत्नात.”

त्या हसल्या नाहीत. “आणि तुमचं नाव कुठे आहे?”

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा वायरीकडे बघत होते.

“जागा नव्हती,” ते म्हणाले.

आता मात्र त्या हसल्या, चांगल्या मोकळ्या. मग इंजिनियरकडे वळल्या. त्याने टेकलेला पत्रा दाखवला. म्हणाला, मॅडम, हे आजच बंद करून टाकतो, राहून गेलं होतं.

“बंद कशाला?” त्या म्हणाल्या. “पुढून तर कुठेही असते अशी वस्तू. हे दुसरीकडे कुठे आहे? इथे आत एक बाक टाका. आणि वायरी जरा उंच बांधा, कुणाला शॉक लागायला नको.”

इंजिनियर म्हणाला, “मैं तो पहले से यही बोल रहा था.”

अक्षरं आमच्याकडे आली नाहीत. ती दुसऱ्या एका चौकात लागली आणि तिथले लोक खूश आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्याकडे बाहेरची माणसं येतात, आधी पुढून जबड्यात हात घालून फोटो काढतात, मग कोणीतरी त्यांना सांगतं की खरी मगर मागून आहे. अप्पा आतल्या बाकावर बसलेले असतात. “ही माझी कन्या,” असं सांगतात, आणि लोकांना वाटतं मगरीबद्दल बोलतायत. जेवण मागवताना आता कोणी घर नंबर सांगत नाही, मगरीच्या मागे म्हटलं की पोहोचतं.

पुढे काकूंची नात नर्सिंग पास झाली. काकू ताटली घेऊन आल्या, वर नातीचं नाव, ठळक. “ह्या वेळी जाड आणलीय,” त्या म्हणाल्या. अप्पांनी ताटली हातात तोलली आणि पोटात जागा शोधली. जागा नव्हती. मग त्यांनी तो टेकून ठेवलेला पत्रा कापला आणि शेपटी थोडी लांब केली. ते बघून पलीकडच्या गल्लीतून एक आली, बी.एड.ची. मग एक पॉलिटेक्निकची. मुलांच्याही येतात, पण कमी. ताटलीवर कोरण्यासारखं काही त्यांना जमत नसावं.

परवा इंजिनियर येऊन शेपटीजवळ उभा राहिला. “अप्पाजी, पूँछ गेट तक आ गई है. अब?”

“गेट सरकवा, भिया.”

मी म्हटलं, अप्पा, मी एम.कॉम.चा फॉर्म भरतेय, जबड्याजवळ एक जागा राखून ठेवा. आणि ह्या वेळी माझं नाव.

अप्पा वायरीला टेप गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, “आधी पास तर हो.”